आठ नॉबचा जुना इक्यू: पहिल्यांदा हात लावणाऱ्यांसाठी

मिक्सिंग, म्हणजे गाण्याचे वेगवेगळे ट्रॅक एकत्र जुळवणं, शिकायला लागलेल्या जवळपास प्रत्येकाच्या प्लगइनच्या (सॉफ्टवेअरला जोडायच्या छोट्या साधनांच्या) यादीत एक निळसर पॅनल असतं. ‘पल्टेक’ या जुन्या इक्यूची, म्हणजे खालचे-वरचे सूर कमी-जास्त करणाऱ्या यंत्राची, ती नक्कल. मोठे काळे नॉब, जुन्या वळणाची अक्षरं, ‘सीपीएस’ असं अनोळखी एकक, आणि आलेखाचा मात्र पत्ता नाही. उघडलं, दोन नॉब फिरवले, आवाज छान वाटला, पण काय झालं ते कळलं नाही, म्हणून बंद करून नेहमीच्या आलेखवाल्या इक्यूकडे परतलो, असं बहुतेकांचं होतं. माझंही बराच काळ तसंच चाललं होतं. ज्या दिवशी या पॅनलच्या आत काय चालतं ते समजलं, त्या दिवसापासून किक (ड्रमसेटमधला पायानं वाजवायचा मोठा ड्रम) आणि गायकाचा आवाज मी आधी याच्याकडे नेतो.

ज्या यंत्रावरून ही सगळी प्लगइन आणि नव्यानं बनणारी यंत्रं आली, ते म्हणजे पल्टेक. अमेरिकेत न्यू जर्सीमध्ये यूजीन शेंक आणि त्यांच्या भागीदारानं पल्स टेक्निक्स नावाची छोटी कंपनी काढली आणि १९५१ मध्ये ईक्यूपी-१ हा इक्वलायझर बाजारात आणला. पुढे त्याचीच सुधारलेली आवृत्ती ईक्यूपी-१ए आली. आज ‘पल्टेक’ म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर येते ती हीच. पॅनलवरचं सीपीएस म्हणजे ‘एका सेकंदातली आवर्तनं’. ‘हर्ट्झ’ हे नाव रुळण्याआधीची ही पद्धत आहे. ६० सीपीएस म्हणजे ६० हर्ट्झ, १० केसीएस म्हणजे १० किलोहर्ट्झ. एकक समजलं की निम्मी भीती जाते.

आत काय चालतं, ते आधी

हा भाग वगळून थेट नॉबकडे जाऊ नका. पुढचं सगळं यावरच उभं आहे.

या यंत्रातला आवाज बदलणारा भाग पॅसिव्ह आहे. म्हणजे त्यात फक्त कॉइल, कपॅसिटर आणि रेझिस्टर. असं सर्किट आवाज कमी करू शकतं, वाढवू शकत नाही. मग बूस्ट कुठून येतो? युक्ती अशी की सर्किट सुरुवातीलाच पूर्ण आवाज सुमारे १६ डेसिबलनं खाली आणतं. तुम्ही ६० हर्ट्झचा बूस्ट फिरवता तेव्हा त्या भागाला होणारा अडथळा कमी होतो, म्हणून तो बाकीच्यांपेक्षा वर येतो. नंतर व्हॅक्यूम ट्यूबचा ॲम्प्लिफायर ही १६ डेसिबलची तूट भरून काढतो आणि आवाज मूळ लेव्हलला परत येतो.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, उतार फार सौम्य असतात. ६० वर फिरवलेला नॉब ६० पुरता राहत नाही, वर दीडशेपर्यंत त्याची ऊब जाणवते. दुसरी, सगळे नॉब शून्यावर असले तरी आवाज ट्रान्सफॉर्मर आणि ट्यूबमधून जातोच. त्यामुळे काहीही न फिरवता थोडा रंग चढतो. चांगल्या प्लगइनमध्ये हाही भाग उतरवलेला असतो.

पॅनल वाचायला शिका

डावीकडे खालच्या सुरांचा विभाग. एक स्विच फ्रिक्वेन्सी निवडायला: २०, ३०, ६०, १००. त्याच्या सोबतीला दोन नॉब, बूस्ट आणि ॲटेन्यूएट, म्हणजे वाढवणारा आणि घटवणारा. इथेच नवख्याचा गोंधळ होतो. नेहमीच्या इक्यूत एकच नॉब उजवीकडे वाढवतो, डावीकडे घटवतो. इथे दोन्ही कामं वेगळ्या हातांत दिलेली आहेत.

मधे बँडविड्थ. हा फक्त वरच्या बूस्टसाठी आहे, खालच्या भागाशी त्याचा काही संबंध नाही. ‘शार्प’कडे नेला तर उंचवटा अरुंद होतो, ‘ब्रॉड’कडे नेला तर पसरट.

मग वरच्या सुरांचा बूस्ट: ३, ४, ५, ८, १०, १२, १६ किलोहर्ट्झ. आणि शेवटी वरच्या सुरांचा ॲटेन्यूएट, त्याचा स्वतःचा वेगळा स्विच: ५, १०, २०. तीन स्विच, पाच फिरते नॉब, एकूण आठ. बाकी पॉवर आणि इन-आउटचे खटके.

नॉबवरचे शून्य ते दहा हे आकडे डेसिबल नाहीत. मूळ यंत्रात खालचा बूस्ट पूर्ण फिरवला तर साधारण साडेतेरा डेसिबल मिळतात, खालची कपात साडेसतराच्या आसपास जाते, वरचा बूस्ट शार्पवर १८ पर्यंत. त्यामुळे कुणी ‘मी चारवर ठेवतो’ म्हटलं तर ते चार तुमच्या प्लगइनवर तंतोतंत उतरतील अशी अपेक्षा धरू नका. ‘साधारण एवढ्यात’ असंच ते ऐकावं. या लेखातले आकडेही तसेच घ्या.

पायरी पहिली: लेव्हल

ट्यूब आणि ट्रान्सफॉर्मरची नक्कल करणारं प्लगइन आत येणाऱ्या लेव्हलवर अवलंबून असतं. फार जोरात दिलं तर कुरकुर येते, फार हळू दिलं तर रंगच चढत नाही. ट्रॅकची सरासरी लेव्हल उणे १८ डेसिबल फुल स्केलच्या (डिजिटलची कमाल पातळी शून्य धरून मोजलेल्या) आसपास आणा. जुन्या व्हीयू मीटरवरच्या (सरासरी लेव्हल दाखवणाऱ्या काट्यावरच्या) शून्याशी जुळणारी पातळी म्हणून बरीचशी प्लगइन याच आकड्याभोवती बांधलेली असतात. ट्रॅकचा फेडर या कामाचा नाही, तो प्लगइनच्या नंतर येतो. क्लिपचा गेन, म्हणजे तिची स्वतःची पातळी, कमी-जास्त करा किंवा इक्यूच्या आधी एक साधं गेन प्लगइन लावा.

पायरी दुसरी: तुलना प्रामाणिक करा

मला या लेखातून एकच गोष्ट तुमच्या हाती द्यायची असती तर ती हीच दिली असती. आपल्या कानाला थोडा मोठा आवाज नेहमी चांगला वाटतो. बूस्ट केलं की लेव्हल वाढते, लेव्हल वाढली की ‘वा, काय खुललं!’ वाटतं, आणि आपण ती पावती इक्यूला देतो. माझं पहिलं आख्खं मिक्स असं बिघडलं. प्रत्येक ट्रॅकवर हा इक्यू, प्रत्येक ठिकाणी थोडं खाली, थोडं वर, आणि दर वेळी आधीपेक्षा बरं वाटलेलं. सगळं एकत्र वाजवलं तर गाण्याच्या छातीवर कुणी बसलंय असा आवाज येत होता. शेवटी सगळे इक्यू काढून नव्यानं सुरुवात केली.

म्हणून नॉब फिरवल्यावर आउटपुट तेवढंच खाली आणा, आणि मग आधीचा व नंतरचा आवाज ताडून बघा. मूळ पल्टेकला आउटपुटचा नॉब नव्हता. बऱ्याच प्लगइननी तो दिलाय. तुमच्याकडच्यात नसेल तर पुढे गेन प्लगइन लावा.

इथे एक खाच आहे. पॅनलवरचा इन-आउट खटका ‘आउट’ केला तर मूळ यंत्रात फक्त इक्यूचा भाग बाजूला पडतो. आवाज ॲम्प्लिफायरमधून जातच राहतो, आणि चांगली प्लगइनही तसंच करतात. खरी तुलना करायची तर तुमच्या सॉफ्टवेअरचा स्वतःचा बायपास, म्हणजे प्लगइन पूर्ण वगळणारं बटण, वापरा. डोळे मिटून तो आठ-दहा वेळा पटापट दाबा, आता चालू की बंद हे स्वतःलाच कळेनासं होईपर्यंत. मग ऐका आणि कोणता हवा ते ठरवा. डोळे उघडल्यावर बऱ्याचदा बंद असलेलाच निवडलेला दिसतो. तसं झालं तर त्या ट्रॅकला या इक्यूची गरज नव्हती.

पायरी तिसरी: खालचे सूर, आणि दोन नॉब एकदम

आता मुख्य गंमत. खालच्या विभागात बूस्ट आणि ॲटेन्यूएट दोन्ही एकाच वेळी फिरवले तर काय होईल? एक वाढवतो, एक घटवतो, मग परिणाम शून्य, असा सरळ हिशेब मनात येतो. प्रत्यक्षात तसं होत नाही. निवडीचा स्विच एकच असला तरी दोन्हींची सर्किटं वेगळी आहेत आणि त्यांचे उतार एकमेकांवर नेमके बसत नाहीत. कपातीचा उतार वरच्या बाजूला जास्त दूरवर पोचतो. त्यामुळे तळाशी उंचवटा राहतो आणि त्याच्या थोडं वर, दोनशे-तीनशे हर्ट्झच्या पट्ट्यात, एक उथळ खळगा पडतो. मिक्समधला गढूळपणा नेमका याच पट्ट्यात साचतो.

हे वाचून कळत नाही, करून कळतं. किकचा एक ट्रॅक घ्या, बास गिटार सोबत चालू ठेवा. स्विच ६० वर. सगळं शून्य.

बूस्ट हळूहळू दोनपर्यंत न्या. अजून फारसं काही नाही, किकच्या पायाखाली जरा जमीन आल्यासारखी वाटते. तीन, चार. आता किक जड झाली, ठोका छातीत लागतो, पण तिच्या मागे एक ‘हुं’ असा घुमारा रेंगाळतो आणि बास गिटारचे सूर त्याच्या आड जातात. नवखा इथे घाबरून बूस्ट कमी करतो. तुम्ही करू नका. बूस्ट चारवरच राहू द्या आणि ॲटेन्यूएट फिरवायला लागा. एक, दोन. घुमारा विरळ होतो. तीनच्या आसपास एक क्षण येतो जिथे किकचा तळ तसाच भरीव आहे, पण तिच्या वरचा फुगवटा उतरला आणि बास गिटारच्या बोटांचा आवाज पुन्हा ऐकू यायला लागला. आणखी पुढे, पाचपर्यंत जाऊन बघा. किक पोकळ होते, पुठ्ठ्याच्या खोक्यासारखी. परत तीनवर या. लेव्हल जुळवा, बायपास दाबून ताडा.

हा क्षण एकदा कानानं पकडला की पुढे दर वेळी सापडतो. तो कोणत्या आकड्यावर येईल हे ट्रॅकवर आणि प्लगइनवर अवलंबून आहे.

स्विच कुठे ठेवायचा? किक आणि बास गिटार यांना एकाच जागी उचलू नका, दोघे एकमेकांना खातात. एकाला ६० दिलं तर दुसऱ्याला १०० द्या. चार तारांच्या बास गिटारची सगळ्यात खालची मोकळी तार साधारण ४१ हर्ट्झला वाजते, पण तिचा आवाज कानाला ओळखू येतो तो त्याच्या वरच्या पटींवरून. म्हणून बासला १०० वर थोडं उचललं की ती लहान स्पीकरवरही जाणवते. स्विच १०० वर नेला की खळगाही आणखी वर सरकतो. तेव्हा ॲटेन्यूएट जपून फिरवा, नाहीतर गिटार आणि गाणाऱ्याच्या आवाजाशी बासचा दुवा तुटतो. ३० ही जागा पूर्ण मिक्सला किंवा सिंथच्या खोल बासला बरी पडते. २० तर बहुतेक स्पीकरच्या कुवतीबाहेर आहे, तरी उतार सौम्य असल्यामुळे ४०-५० पर्यंत त्याचा हलका परिणाम येतो.

लॅपटॉपच्या स्पीकरवर हे काम करू नका. ६० हर्ट्झ तिथे जवळपास वाजतच नाही आणि तुम्ही अंदाजानं फिरवत बसाल. बरे हेडफोन चालतील, पण ज्याचा तळ तुम्हाला नीट ओळखीचा आहे असं एखादं गाणं शेजारी ठेवा आणि अधूनमधून त्याकडे जा.

पायरी चौथी: वरचे सूर

इथे क्रम असा: आधी बँडविड्थ ब्रॉडकडे, मग जागा निवडा, मग बूस्ट. उलट केलं तर फसायला होतं. कारण बँडविड्थ बदलली की बूस्टची उंचीही बदलते. शार्पवर तोच नॉब खूप जास्त उचलतो, ब्रॉडवर कमी. म्हणजे बँडविड्थ फिरवून ‘आता बरं वाटतंय’ म्हणाल तेव्हा आकार बदलल्यामुळे बरं वाटलं की कमी-जास्त झाल्यामुळे, हे सांगता येत नाही. नवख्यानं पहिले काही महिने ब्रॉडवरच राहावं असं माझं स्पष्ट मत आहे. शार्पवर हे यंत्र पटकन टोचायला लागतं.

गाणाऱ्याच्या आवाजासाठी १२ वर ठेवून बूस्ट तीनपर्यंत न्या. श्वास जवळ येतो, शब्दांच्या कडा उजळतात. पण त्याबरोबर ‘स’, ‘श’, ‘च’ हेही सुटतात. अशा वेळी बूस्ट लगेच मागे घेण्याआधी दोन गोष्टी करून बघा. जागा १६ वर न्या. उंचवट्याचा माथा वर सरकतो आणि सकाराच्या पट्ट्याला त्याची फक्त कड लागते. ते पुरलं नाही तर पुढे डीएसर (फक्त सकार दाबणारं साधन) लावा. वरच्या ॲटेन्यूएटनं सकार मारायला गेलात तर संपूर्ण आवाजावर पांघरूण पडतं.

मग तो ॲटेन्यूएट कशाला आहे? इलेक्ट्रिक गिटारसाठी तो अतिशय कामाचा आहे. बूस्ट ४ किंवा ५ किलोहर्ट्झवर, ॲटेन्यूएट १० वर. गिटार पुढे येते आणि तिच्या वरची खरखर झाकली जाते. झांजांच्या ट्रॅकवर नुसता २० चा ॲटेन्यूएट दोन-तीनवर ठेवला की कानाला शिणवणारी चकाकी उतरते आणि झांज झांजच राहते. खालच्या विभागासारखाच इथेही बूस्ट आणि कपात एकत्र वापरायला संकोच नको. इथे तर त्यांना वेगवेगळे स्विचच दिलेत.

३ किलोहर्ट्झवरचा बूस्ट मी क्वचित वापरतो. कान तिथे सर्वांत हळवा असतो आणि अर्ध्या तासानं आपल्यालाच ते मिक्स ऐकवत नाही.

हा इक्यू कशासाठी नाही

खोलीमुळे ४२० हर्ट्झला एक घूं बसलाय, किंवा स्नेअर (काडीनं वाजवायचा कडक आवाजाचा ड्रम) एका ठिकाणी ठणाणते, असल्या कामाला हे यंत्र निरुपयोगी आहे. मधल्या सुरांवर याचा हात पोचतच नाही. त्या कंपनीनं मधल्या सुरांसाठी एमईक्यू-५ हा वेगळा इक्यू काढला होता, त्याचीही प्लगइन मिळतात. पण नेमकी खोच काढायची असेल तर साधा पॅरामेट्रिक इक्यू (हवी ती फ्रिक्वेन्सी आणि रुंदी निवडता येणारा) घ्या. आधी त्यानं साफसफाई करा, मग पल्टेकनं रंग द्या. उलट क्रमानं केलंत तर घाणही खुलून येईल.

तुमच्याकडे पल्टेकऐवजी नीव्ह १०७३ या दुसऱ्या जुन्या यंत्राच्या धाटणीचं प्लगइन असेल तर त्याची रीत निराळी. तिथे एकच नॉब वाढवतो आणि घटवतो, आणि मधल्या सुरांचा पट्टाही आहे. लेव्हल आणि बायपासच्या पायऱ्या मात्र जशाच्या तशा लागू.

साखळीत कुठे लावायचा

कॉम्प्रेसरच्या (मोठा आवाज आपोआप दाबणाऱ्या साधनाच्या) आधी की नंतर, हा वाद न संपणारा आहे. परिणाम काय होतो तेवढं लक्षात घ्या. आधी लावून तळ उचलला तर कॉम्प्रेसर त्या तळालाच दबकतो, प्रत्येक ठोक्याला पूर्ण आवाज खाली जातो आणि तुम्ही दिलेलं बरंचसं परत घेतलं जातं. नंतर लावला तर उचललेलं उचललेलंच राहतं. किकसाठी मी नंतर लावतो. गाणाऱ्याच्या आवाजाला मात्र वरचे सूर आधी थोडे उचलून मग कॉम्प्रेसर दिला तर आवाज एकजीव वाटतो. दोन्ही करून बघायला दोन मिनिटं लागतात.

इक्यू लावलेला आणि न लावलेला असे दोन ट्रॅक एकत्र मिसळू नका. अशा इक्यूमुळे फेज, म्हणजे ध्वनिलहरींची वेळ, सरकते, दोन्ही मिळाल्यावर काही सूर एकमेकांना खोडतात आणि तळ पातळ होतो. कमी परिणाम हवा असेल तर नॉब कमी फिरवा.

पूर्ण मिक्सवर आणि मास्टरिंगमध्ये

इथे, म्हणजे पूर्ण मिक्सवर किंवा मास्टरिंगमध्ये (तयार मिक्सवरचा शेवटचा हात फिरवताना), हात आखडता. मिक्समध्ये चारवर जाणारा नॉब इथे एक-दीडच्या पुढे गेला तर समजा की दुरुस्ती मिक्समध्ये व्हायला हवी होती. मला सापडलेली सुरुवातीची जागा अशी: खाली ३० वर बूस्ट दीड आणि ॲटेन्यूएट एक, वर १६ वर ब्रॉड बूस्ट दीड, ॲटेन्यूएट २० वर अर्धा. मग प्रत्येक नॉब एकेक करून शून्यावर नेऊन बघा. ज्याच्या जाण्यानं काही हरवलं नाही, तो शून्यावरच ठेवा.

डावी आणि उजवी बाजू नेमकी सारखी असावी लागते. प्लगइनमध्ये दोन्ही बाजू जोडण्याचं बटण असेल तर ते चालू आहे ना, हे आधी बघा. खरी यंत्रं वापरत असाल तर मास्टरिंगच्या आवृत्त्यांमध्ये फिरत्या नॉबऐवजी टप्प्याटप्प्यानं अडकणारे स्विच असतात. दोन्ही बाजूंना सारखीच जागा मिळावी आणि पुढच्या वेळी तीच परत लावता यावी म्हणून. साधे फिरते नॉब असतील तर एका बाजूवर तीन आणि दुसरीवर तीन म्हणजे तेवढंच असेल याची खात्री नाही. दोन्ही बाजूंतून एकच मोनो आवाज पाठवा आणि तो मधोमध स्थिर राहतोय का ते ऐका. थोडा डावीकडे झुकला तर नॉबवरचा आकडा विसरा आणि कानानं जुळवा.

प्लगइनमध्ये ओव्हरसॅम्पलिंगचा (आतलं गणित जास्त सॅम्पल-दरानं करण्याचा) पर्याय असेल तर मास्टरिंगला तो चालू ठेवा. ४४.१ किलोहर्ट्झच्या प्रोजेक्टमध्ये वरची हद्द २२.०५ वर संपते, आणि ट्यूबच्या नकलेतून तयार होणारे त्याच्या वरचे सूर परत खाली वळून आवाजात नको ते मिसळतात. नॉइज किंवा हमचं बटण असेल तर ते बंद करा. जुन्या यंत्राची गुणगुण गाण्याच्या शेवटच्या शांत भागात ऐकू येते आणि फेड-आउटमध्ये तर हटकून.

काम झाल्यावर नॉबच्या जागा टिपून ठेवा. खऱ्या यंत्राला स्मरणशक्ती नसते, म्हणून पॅनलचा समोरून एक फोटो घ्या, आणि गाण्याचं नाव व आत येणारी लेव्हल त्याच्यासोबत लिहा. लेव्हल लिहिली नाही तर नॉब जागेवर येतील, पण आवाज येणार नाही.